मळेवाड तिठ्याच्या आत

आये, तुला लिहायचं मी चार महिने टाळतोय. खरं तर नऊ वर्षं, पण त्यातली बहुतेक वर्षं तुला काही लिहायचं आहे हेच माझ्या ध्यानात नव्हतं, तेव्हा ती धरू नको. आज सकाळी बसलो होतो. पेन्सिलीला टोक नव्हतं म्हणून ब्लेड मागायला खाली गेलो, तर घरमालकीण काकी अंगणात बांगडे सुकत घालत होती आणि कावळे हाकायला कोणी नव्हतं, म्हणून काठी घेऊन तिथेच बसलो. मग कोणीतरी म्हणालं, बंदरावर भली मोठी मोरी आलीय. ती बघायला गेलो, तर एवढा मोठा मासा कापून वाटूनसुद्धा झाला होता, नुसतं रक्त उरलं होतं वाळूत. येताना दुकानात डोकावलो, एक वायर जोडून दिली, पाणी प्यालो. आता दुपारचे अडीच वाजलेत. ब्लेड मिळालंच नाही, पेन्सिल दातांनी सोललीय. तू असतीस तर म्हणाली असतीस, "तुझ्या पायाक भिंगरी आसा रे मेल्या, बूड म्हणान टेकणा नाय." टेकलंय आता. बघू किती वेळ टेकतंय.

हे कशावर लिहितोय ते आधी सांगतो, कारण सगळा घोळ तिथेच आहे. हे मी वहीत लिहितोय आणि वही माझी नाही, सात जणांची आहे. मी कुडाळच्या स्टँडवर हॉटेलात होतो तेव्हाची गोष्ट. भजी बांधायला रद्दी यायची, त्यात सिनेमाच्या एका मासिकाचं पान होतं, वाचकांच्या पत्रांचं. खारेपाटणच्या एका बाईंनी लिहिलं होतं, शाळेतून निवृत्त झालेल्या. जुने काळे-पांढरे सिनेमे ज्यांना अजून आठवतात अशी माणसं आमच्या जिल्ह्यात उरली आहेत का, की मी एकटीच आहे? खाली पत्ता. त्या पानावर तेल सांडलेलं होतं, तरी पत्ता लागला. मी एक कार्ड टाकलं. माझ्यासारखी आणखी पाच कार्डं गेली होती म्हणे. एक कणकवलीचा कंपाउंडर, एक वेंगुर्ल्याचे शिंपी, एक देवगडची, आणखी दोघे असेच इकडचे तिकडचे. एकमेकांना कोणी पाहिलेलं नाही. कुणाचं दुकान, कुणाचा संसार, भेटणार कुठे आणि कधी? तेव्हा बाईंनी दोनशे पानांची वही आणली, तिला खाकी कव्हर घातलं, पहिल्या पानावर नियम लिहिले, चार पानं स्वतःची लिहिली आणि पोस्टाने पुढच्याला धाडली. त्याने आपली चार पानं लिहून त्याच्या पुढच्याला. अशी ती फिरत फिरत शेवटी माझ्याकडे येते आणि माझ्याकडून परत बाईंकडे जाते. एक फेरी दोन महिन्यांची. भरली की बाई दुसरी काढतात, जुनी गोणपाटात शिवून पेटीत ठेवतात. ही तिसरी.

नियम सोपे आहेत. आठ दिवसांत लिहून पुढे पाठवायची. दुसऱ्याच्या लिहिण्यावर काही म्हणायचं असेल तर समासात, ज्याच्या त्याच्या रंगात. शिंपी हिरवा, कंपाउंडर जांभळा, बाई अर्थातच लाल, मी पेन्सिल, कारण पेन माझ्याकडे टिकत नाही. खोडायचं तर एकच रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे. आणि पान फाडायचं नाही. काहीही झालं तरी पान फाडायचं नाही. या समासांत काय चालतं म्हणून सांगू! एका सिनेमात नायिका विहिरीवर येते तेव्हा तिची साडी कुठल्या रंगाची, यावर तीन फेऱ्या भांडण चाललं. म्हणजे सहा महिने. सिनेमा काळा-पांढरा. शिंपी म्हणतात, कापड कसं पडतं त्यावरून रंग कळतो, ती जांभळीच. देवगडची म्हणते, जांभळी साडी नेसून पाण्याला कोण जातं? मी हे वाचून एकटाच इतका हसलो की काकीने खालून विचारलं, "बरो आसस मा रे?"

तुला खरं सांगतो, नववी सोडल्यापासून मी कशाची म्हणून वाट बघितली नव्हती. काजूच्या कारखान्यात राहिलो तीन महिने, होडीवर एक हंगाम, ट्रकवर क्लीनर दोन वर्षं, बर्फाच्या कारखान्यात तर आठवडाभर. आला कंटाळा की उठलो. पण वहीला पत्ता लागतो. पोस्टमन हुडकत कुणाकुणाच्या मागे ट्रकातून हिंडणार? म्हणून मी मालवणात ही माडीवरची खोली घेतली. साडेतीन वर्षं झाली, एकाच खोलीत! व्हिडिओ भाड्याने देणाऱ्याकडे काम करतो. पूजा असो, बारसं असो, टेम्पोत रंगीत टीव्ही आणि तो डबा घालून गावोगाव जायचं, वायरी जोडायच्या, कॅसेट लावून द्यायची आणि पडद्याकडे पाठ करून बाहेर माडाखाली बसायचं. नवीन सिनेमे मला बघवत नाहीत. आणि जुने मी पाहिलेले नाहीत.

हेच ते. एकही पाहिलेला नाही. वहीत मी 'खाडीकाठचा' अशी सही करतो आणि सावंतवाडीच्या टॉकीजमध्ये बसून पाहिल्यासारखं लिहितो. फुटक्या काचेतून दिसणारा चेहरा, जिन्यावरून गडगडत जाणारी पितळी लोटी, म्हाताऱ्याच्या खोकल्यावर लोक कसे हसले, मागच्या रांगेतल्या लाकडी खुर्च्या कशा कुरकुरल्या. सगळं तुझं. माझा त्यात एक शब्द नाही. त्यांना वाटलं मी साठीचा असणार. शिंपी मला काका लिहितात. बाईंनी एकदा लाल शाईत लिहिलं, "आपण बहुधा माझ्याच पिढीतले. त्या खुर्च्यांचा आवाज हुबेहूब पकडलात." तो आवाज तू दात दाबून काढायचीस. मी समासात काहीच लिहिलं नाही. नाही म्हटलं नाही म्हणजे खोटं बोललो असं होत नाही, असं तेव्हा वाटलं.

बुधवारची सकाळ आहे, मी सात-आठ वर्षांचा. मंगळवार सावंतवाडीचा बाजार, तू आणि मावशी सोलं, नारळ, पोहे घेऊन जाता, दुपारपर्यंत विकून मोकळ्या होता आणि तीनच्या खेळाला जाऊन बसता. बाबा गोव्यात बोटीवर, त्यांना यातलं ठाऊक नाही. बुधवारी तू आडाळ्यावर बसून खोबरं किसतेस आणि मी समोर पेज गार होऊ देतो. तू सिनेमा सांगतेस. नुसता सांगत नाहीस, आडाळ्याच्या पात्याने सांगतेस. नायिका पळत सुटली की किसणं भराभर, नायक दारात उभा राहिला की हात थांबतो, नारळाची कवड हवेत. मी विचारतो, "मगे?" तू म्हणतेस, "मगे काय झाला असात, सांग बघू." मी सांगतो ते कधीच नसतं. शेवटाकडे आलीस की तुझा आवाज बदलतो, जरा मोठा होतो, जसं काही खूप जणांना ऐकू जायला हवं. एकदा तू तोच सिनेमा दुसऱ्यांदा सांगितलास आणि म्हातारा मेलाच नाही. मी म्हटलं, मागच्या खेपेला मेला होता. तू कवड खाली ठेवलीस, पळी उचललीस. "सिनेमा कोणी बघलो? तू काय मी?" पळी लागली नाही, पण त्यानंतर मी कधी शेवटाला हरकत घेतली नाही.

एका मंगळवारी तू मला लाकडी गाडी आणलीस, सावंतवाडीच्या चितारआळीतली, लाल रंगाची, पुढे धुराडं असलेली. मी कधी आगगाडी पाहिली नव्हती. तू तरी कुठे पाहिली होतीस? आपल्याकडे रूळ म्हणून नाहीत, रेल्वे येणार येणार म्हणून लोक म्हातारे झाले. तू त्या गाडीच्या टपावरून एक सुतळी बांधलीस, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि मला शिकवलंस, माणसं चढली की दोनदा ओढायची. टिंग टिंग. मग सुटते. मी ती सुतळी इतक्या वेळा ओढली की धुराडं निघालं.

आता त्या पेटीच्या सिनेमाकडे येतो, जो मी मागच्या फेरीला वहीत लिहिला. तुझा लाडका. लहानशा स्टेशनावर एक माणूस उतरतो आणि त्याच्या हातात चुकून दुसऱ्याची पेटी आलेली असते. आत नवरीचे कपडे. स्टेशनमास्तरची मुलगी त्याला जेवू घालते, पेटी कुणाची ते शोधायला मदत करते. सगळा सिनेमा त्या शोधाचा. शेवटी पेटीवाली नवरी सापडते, तिचं लग्न केव्हाच होऊन गेलेलं असतं, तिला पेटी नको असते. मग तो पेटी घेऊन स्टेशनावर येतो. गाडी लागलेली आहे. स्टेशनमास्तरची मुलगी त्याच्या हातून पेटी घेते, गाडीत चढते, स्वतः दोरी ओढून दोनदा घंटी देते आणि निघून जाते. तो फलाटावर हिरवा बावटा धरून उभा. मी सगळं लिहिलं, दोरीसकट. मी कोल्हापूरला आगगाडी पाहिली आहे, मिरजेपर्यंत तिच्यात बसलोही आहे, पण लिहिताना एकदाही मनात आलं नाही की आगगाडीला तसली दोरी नसते. तुझी गाडी वेगळीच होती.

वही सहा जणांकडून फिरून आली. माझ्या पानाच्या समासात लाल: "शेवट असा नाही. मुलगी फलाटावर राहते आणि तो गाडीत बसून जातो. मी हा सिनेमा अकरा वेळा पाहिला आहे. शिवाय आगगाडीत कंडक्टरची दोरी नसते. आपण हा सिनेमा नक्की कुठे पाहिलात?" त्याखाली हिरवं: "काका, दुसऱ्या एखाद्या सिनेमाशी गल्लत नाही ना झाली?" त्याखाली जांभळं: "वयोमानाने होतं. आमच्या दवाखान्यात रोज बघतो." त्याच्याखाली जागा रिकामी, माझ्या उत्तरासाठी.

मला राग आला तो बाईंचा. मग तुझा. वही ट्रंकेत घातली आणि पुण्याचं भाडं घेऊन निघालेल्या एका ट्रकबरोबर पंधरा दिवस नाहीसा झालो. आलो तर दोन कार्डं वाट बघत होती. 'वही पोचली ना?' पुढच्या महिन्यात आणखी तीन. 'काकांची तब्येत बरी आहे ना?' यांना माझी तब्येत! मग एक दिवस उठलो आणि आरोंद्याला गेलो, मावशीकडे.

ती अंगणात काजूच्या बिया सुकत घालत होती. मला बघून उठलीसुद्धा नाही.

"कोण तो? वाट चुकलंस काय रे?"

"मावशे, एक इचारूचा होता."

"आधी पाणी पी. तोंड बघ कसां झाला हा, सुक्या बांगड्यासारख्यां."

मी पाणी प्यालो आणि तिला पेटीच्या सिनेमाचा शेवट विचारला. ती आधी माझ्याकडे बघत राहिली, मग जी हसायला लागली ती सुपातल्या बिया सांडेपर्यंत.

"शेवट? तुझ्या आवशीन शेवट खंय बघलेलो! रे, सव्वापाचची आरोंदा गाडी. ती सुटली की फाल्या सकाळी. आणि सिनेमा सुटता सा वाजता. मगे?"

"मगे काय?"

"मगे काय म्हणजे? पाच वाजाक इले की ही खुर्चेवरसून उठायची. बाजूची माणसा सांगायची, गो बाये, बस मगे, आता खरी मजा येतली. ही काय म्हणायची ठावक आसा? 'तुमी बघा. फुडचां माका ठावक आसा.' आणि थंयसून आमी दोघी पाटये डोक्यार घेवन धावत स्टँडार."

एकही नाही, आये? इतक्या वर्षांत एकही शेवट नाही?

मावशीने सुपातल्या बिया परत गोळा केल्या, मी मदत करायला गेलो तर माझा हात झिडकारला, आणि मग तिने गाडीतलं सांगितलं. सगळी गाडी बाजारच्या बायकांनी भरलेली. सुटली की हाक यायची, "काय झालां गो आज?" आणि तू पुढच्या दांडीला पाठ लावून उभी राहून सांगायला लागायचीस. मळेवाड तिठ्यावर अर्ध्या बायका उतरायच्या. त्याच्या आत शेवट झालाच पाहिजे, नाहीतर आठवडाभर कुणाला चैन पडायचं नाही.

"एक म्हणा, लगीन लाव तेंचा. दुसरी म्हणा, तेका मार मेल्याक, तसोच व्हयो. एकदा इतक्यां भांडाण झालां, कंडक्टरान सांगल्यान, मी गाडी थांबयतंय, पयलां तुमी ठरवा तो मरता काय जगता. आणि तो मेलो कंडक्टर म्हणा, जगाक व्हयो!"

"आणि पेटयेचो?"

तिने सूप मांडीवर ठेवलं. "त्या दिसा सगळ्यो एक झाल्यो. लगीन लाव, लगीन लाव. आणि तुझी आवस म्हणाली, नाय. ती जाता. 'खंय जाता गो?' 'जाता. गाडी आसा ना समोर? मगे जाता.' कोणी बोलला नाय. मळेवाड इलां तरी कोणी उठाक बघी नाय. कंडक्टरान दोनदा हाक मारल्यान, तेवा खंय उतरल्यो." मग तिने विचारलं, "आणि तां सगळां तू खरां समाजलंस? इतको मोठो झालंस तरी?"

मी पायाशी राहिलेली एक बी उचलून सुपात टाकली. मग ती म्हणाली, उगीच सहज, सूप पाखडता पाखडता, "तू तरी शेवटापर्यंत खंय बसलंस रे?" आणि जेवायला वाढते म्हणाली. मी गाडीची वेळ झाली सांगून उठलो. गाडीला दोन तास होते.

परत आल्यावर दुकानात मालकाला म्हटलं, पेटीचा सिनेमा मिळेल का कुठे. त्याने गोव्याच्या माणसाकरवी महिनाभराने कॅसेट आणून दिली, पट्टी जुनी, मध्ये मध्ये पाऊस पडल्यासारखी. दुपारी दुकान बंद करून एकटाच बसलो. आये, तू एकही गोष्ट खोटी सांगितली नव्हतीस. म्हाताऱ्याचा खोकला, खिडकीची काच, ती जेवायला वाढते तेव्हा पाटाखालून पळणारी मांजर, सगळं जिथल्या तिथे. मला पुढचं वाक्य आधी ठाऊक असायचं. मी तोंडाने म्हणत होतो आणि पडद्यावरची माणसं माझ्यामागून म्हणत होती. मग नवरीच्या घराचा दरवाजा उघडला, आणि मला एकदम तुझा तो मोठा झालेला आवाज आठवला. इथेच. इथेच तू उठत असणार. पाटी डोक्यावर घेऊन, रांगेतल्या गुडघ्यांवरून वाट काढत. मी बटण दाबलं. बाहेर जाऊन उभा राहिलो. नंतर कॅसेट तशीच परत केली. म्हणजे आता मी तुझ्याइतकाच पाहिलाय.

हे सगळं वहीत लिहिणं अवघड नव्हतं. मी पाहिले नाहीत, माझ्या आईने पाहिले, तेही पाऊण पाऊण, क्षमस्व. लिहून पाठवलं असतं तर शिंपी हसले असते, बाईंनी लाल शाईत एक ओळ लिहिली असती, संपलं. पण वही उघडली की हात मागे मागे पानं उलटतो आणि त्या पानाशी थांबतो. याच वहीतलं, दुसऱ्या फेरीचं पान. कंपाउंडरची आई गेली होती. त्याने आपल्या चार पानांत सिनेमाबद्दल काही लिहिलं नव्हतं, एवढंच लिहिलं होतं, की दवाखान्यात दुसऱ्यांना औषधं देत होतो आणि घरी ती गेली. मला वाईट वाटलं त्याच्यासाठी, खरंच वाटलं. मी लिहिलं, माझी आई गेली तेव्हा मी उशाशी होतो. तिला पाणी मी पाजलं. तिने माझा हात धरला होता, आणि तो तिने नाही, मी सोडवला, सगळं संपल्यावर. शेवटी उशाशी कोणी असलं काय, नसलं काय, जाणाऱ्याला ठाऊक असतं, असं काय काय लिहिलं. छान लिहिलं. त्या पानाच्या समासात सगळ्यांनी लिहिलंय. कंपाउंडरने लिहिलंय, "काका, हे मी रोज वाचतो. वही पुढे पाठवण्याआधी उतरवून घेतलं आहे." आणि बाईंनी लाल शाई वापरली नाही. पेन्सिलीने लिहिलंय, अगदी बारीक, "आपल्यासारखा मुलगा होता, हे तिचं भाग्य."

ते उतरवून घेतलेलं आता त्याच्या खिशात असेल, औषधांच्या चिठ्ठ्यांबरोबर.

वैशाखातली गोष्ट. तू ओटीवर निजलेली, महिना झाला होता. मी सोळा वर्षांचा, दिवसभर तुझ्या बाजूला बसून बसून अंगाला मुंग्या यायच्या. आंब्याच्या पेट्यांचा ट्रक कोल्हापूरला निघाला होता, ड्रायव्हर ओळखीचा, त्याने पाणंदीच्या तोंडाशी हॉर्न दिला. मी तुझ्याकडे बघितलं. मी विचारलंसुद्धा नाही, नुसतं बघितलं. तू म्हणालीस, "जा. गाडी सुटात." मी तरी उभाच. तेव्हा तू डोळे मिटून म्हणालीस, "जा रे. फुडचां माका ठावक आसा." मला वाटलं, तू बरी होणार म्हणतेस. मी तसंच धरलं, कारण मला तसंच धरायचं होतं. कोल्हापुरात मी आयुष्यातली पहिली आगगाडी बघितली, तासभर बघत उभा राहिलो, दोरी कुठे दिसते का शोधत. तुला येऊन सांगायचं ठरवलं होतं. आलो तेव्हा बारावाही होऊन गेला होता. उशाशी मावशी होती. पाणी तिने पाजलं. हात धरला होतास की नाही ते मी तिला कधी विचारलं नाही. बाकीचं मी रस्त्यात रचलं, पहिल्यांदा एका ड्रायव्हरला सांगायला, मग दुसऱ्याला, आणि सांगता सांगता ते इतकं चांगलं झालं की मलाच खरं वाटायला लागलं. तू तुझे शेवट गाडीभर बायकांना विचारून करायचीस. मी एकट्याने केला.

तर आज सकाळी मी वहीत हेच लिहायला बसलो होतो, बाईंना, कंपाउंडरला, सगळ्यांना. पहिला शब्द लिहिला तो 'आये' लिहिला गेला. एक रेघ मारून खोडता आला असता. खोडला नाही. आता बघतो तर माझी चार पानं केव्हाच संपली, मी बाईंच्या पानांवर आलोय. हे तुला पाठवायला पत्ता नाही. जाईल तर त्या सहा जणांकडे जाईल, आणि जायचं की नाही ते अजून ठरलेलं नाही, कारण दाराशी माझी पिशवी भरलेली आहे. कारवारला जाणारा ट्रक संध्याकाळी सुटतो. ड्रायव्हरला सांगून ठेवलंय.

खालून काकी हाका मारतेय. जरा थांब.

आये, खारेपाटणच्या बाई आल्यात.

काकी जिन्यावर अर्धी चढून ओरडत होती, "रे, वायच खाली ये बघू! कोण एक बाई इली हा, खारेपाटणसून. हयसर एक म्हातारे गृहस्थ रवतत, ते आजारी आसत काय, म्हणान इचारता. मी सांगलंय, बाये, या घरात म्हातारो म्हणजे माझो घोव, आणि तेका जावन पाच वर्षां झाली!" मी खिडकीतून वाकून बघितलं. मला वाटलं होतं उंच असतील, चष्म्यातून बघणाऱ्या. बुटक्याशा आहेत, पायात पुरुषी चपला, खांद्याला शबनम, कणकवलीत गाडी बदलून आल्या असणार. पायरीवर बसल्यात आणि बांगड्यांवरचे कावळे छत्रीने हाकतायत. काकीने चहा विचारला तर म्हणाल्या, "नको हो, मला पावणेपाचची गाडी धरायची आहे. ते बरे आहेत ना, एवढंच बघून जाते." वहीचं नावही काढलं नाही.

आता चार वाजायला वीस मिनिटं आहेत. वही दिली तर त्या तिथेच पायरीवर उघडतील, मी ओळखतो त्यांना. आणि एवढी पानं गाडीच्या वेळेच्या आत वाचून होणार नाहीत.

एक सांगायचं राहिलं. काकी खाली गेल्यावर मी पिशवी घेऊन मागच्या जिन्याने अंगणाच्या कुंपणापर्यंत जाऊन आलोय. वही पिशवीत नव्हती, म्हणून परत आलो असं म्हणता येईल. तसं नव्हतं. फुडचां माका ठावक नाय, आये. जातंय खाली.